आत्याच्या स्मरणार्थ

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, मोठी मुदत ठेव मोडून सगळी रक्कम आत्याच्या स्मरणार्थ कर्करोगाच्या संशोधनाला द्यायची, असे तुम्ही परवा फोनवर सांगितलेत आणि आई पलीकडे नुसतीच गप्प राहिली. त्या वेळी मला पटकन उत्तर सुचले नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. देणगी द्यावी याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. ती किती आणि कशी द्यावी, एवढेच मला तुमच्याशी बोलायचे आहे.

आत्याची निळी फाईल अजून तुमच्या कपाटात वरच्या कप्प्यात आहे. तिच्यात पांढऱ्या पेशींचे आकडे तुम्ही स्वतःच्या अक्षरात तारीखवार मांडलेले आहेत आणि सर्वांत शेवटी तुमच्याच रक्ततपासणीचा कागद आहे, पुन्हा पुन्हा उघडून घडीवर विरलेला. आत्याला देण्यासाठी तुमची अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतला रक्तपेशी तयार करणारा गर, जुळली नाही. प्रत्येक सख्ख्या भावंडाची ती पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक एवढीच असते, हे डॉक्टरांनी तेव्हाही समजावले होते. तरी इतकी वर्षे तुम्ही तो कागद आपल्याच हातून काही चूक घडल्यासारखा जपला आहे. बाबा, त्या कागदाची भरपाई म्हणून ही देणगी देऊ नका. तुम्ही आत्याचे काहीही देणे लागत नाही.

आत्या १९९७ साली गेली. तिला झालेल्या क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगावरच्या इमॅटिनिब या गोळीची रुग्णांवरील पहिली चाचणी १९९८ च्या जूनमध्ये सुरू झाली. हे तुम्हाला ठाऊक आहे आणि त्याचा सल किती खोल आहे, हे मलाही ठाऊक आहे. मात्र ती गोळी १९९८ मध्ये अचानक अवतरली नव्हती. १९६० मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड या संशोधकांना या रुग्णांच्या रक्तपेशींत एक गुणसूत्र, म्हणजे आनुवंशिक माहितीचा धागा, नेहमीपेक्षा लहान दिसले. ते लहान का, याचा उलगडा व्हायला १९७३ साल उजाडले. शिकागोच्या संशोधिका जॅनेट राउली यांनी दाखवून दिले की नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची आपापसांत अदलाबदल होते. त्या सांध्यावर तयार होणारे प्रथिन पांढऱ्या पेशींना वाढीचा हुकूम देतच राहते, हे त्यानंतर कळले आणि तेवढे एक प्रथिन बंद पाडणारे औषध शोधता आले. अमेरिकी डॉक्टर ब्रायन ड्रुकर यांनी घेतलेल्या या गोळीच्या पहिल्या चाचणीत, आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातील ज्या ५४ जणांना पुरेशी मात्रा मिळाली, त्यांच्यापैकी ५३ जणांच्या रक्तातील पेशींचे प्रमाण पूर्ववत झाले. २००१ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली, म्हणजे पहिल्या निरीक्षणापासून तब्बल ४१ वर्षांनी.

या ४१ वर्षांचा मी फार विचार केला. १९६० मध्ये एखाद्याने अशा कामाला पैसे दिले असते, तर वर्षअखेरीस त्याच्या हाती काय पडले असते? एका लहान गुणसूत्राचे छायाचित्र. रुग्णाला औषधासाठी मदत केली की त्याचा चेहरा दिसतो, संशोधनाला दिलेल्या पैशाला असा चेहरा नसतो. त्यातला काही भाग फसलेल्या प्रयोगांवरही खर्च होतो आणि तो वाया गेला, असे मी मानत नाही. तुमच्या देणगीचे फळ तुम्हाला, कदाचित मलाही, दिसणार नाही. हे मान्य असेल तरच संशोधनाला द्या. नाही तर उपचारांसाठी मदत करणाऱ्या निधीला द्या, तेही तितकेच मोलाचे आहे.

देणगी फक्त रक्ताच्या कर्करोगासाठीच वापरली जावी, अशी अट तुम्हाला घालायची आहे. ती घालू नये असे मला वाटते. आत्याच्या आजारासाठी शोधलेली तीच गोळी २००२ मध्ये पचनमार्गातील एका दुर्मीळ गाठीच्या कर्करोगासाठीही मान्य झाली. कोणता धागा कुठे जाऊन पोहोचेल, हे देणाऱ्यापेक्षा काम करणाऱ्यांना अधिक समजते, आणि अटी नसलेला पैसाच त्यांना नव्या, अजून कोणाचा विश्वास न बसलेल्या कल्पनेला हात घालू देतो.

रकमेविषयी आईची काळजी मला रास्त वाटते. तुमच्या दोघांच्या औषधपाण्याची ठेव मोडू नका. टेरी फॉक्स हा हाडाच्या कर्करोगाने पाय गमावलेला तरुण १९८० मध्ये कृत्रिम पायावर १४३ दिवस कॅनडातून धावला, तेव्हा त्याने प्रत्येक देशवासीयाकडे एकच डॉलर मागितला होता. आजार फुप्फुसांत पसरल्याने त्याला थांबावे लागले, पण पुढच्या फेब्रुवारीपर्यंत निधी २ कोटी ४० लाख डॉलरच्या वर, म्हणजे देशाच्या लोकसंख्येइतका, पोहोचला होता. तेव्हा ‘आपल्या एवढ्याशा रकमेने काय होणार’ असे म्हणू नका. ठेवीच्या व्याजातून झेपेल तेवढी रक्कम दरवर्षी द्यावी. दोन-तीन वर्षे चालणाऱ्या प्रयोगांना एकदाच आलेल्या मोठ्या रकमेइतकाच खात्रीने येणाऱ्या पैशाचाही आधार वाटतो.

संस्था निवडताना तिचे लेखापरीक्षित हिशेब आणि वार्षिक अहवाल मागून घ्या. कोणत्या प्रकल्पाला पैसे द्यायचे, हे त्या विषयातील बाहेरचे तज्ज्ञ तपासतात का, हेही विचारा. फोनवर घाई करणाऱ्याला, मग तो कितीही गहिवरून बोलो, एक रुपयाही देऊ नका. तीन संस्थांचे अहवाल मी वाचायला घेतले आहेत; पुढच्या महिन्यात घरी येईन तेव्हा आपण तिघे बसून ठरवू.

देणगीच्या अर्जात ‘स्मरणार्थ’ असा एक रकाना आहे. तो मी कोरा ठेवला आहे. तिथे आत्याचे कागदोपत्री नाव लिहायचे की तुम्ही तिला ज्या नावाने हाक मारत होतात ते, हे बाबा, तुम्हीच सांगा.

तुमची लेक