चिनी मातीपलीकडचे सिरॅमिक

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सिरॅमिक फक्त फुटते, त्याचा आकार कायमचा बदलत नाही, असे मुलुंडला माझ्याकडे शिकायला येणारी मुले अजूनही घोकतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. हातातून निसटलेली कपबशी फुटते ती तिच्यात आधीपासून असलेल्या बारीक भेगांमुळे. मात्र मॅग्नेशियम ऑक्साइड या सिरॅमिकच्या एकाच स्फटिकात केसाहून कितीतरी बारीक, म्हणजे सुमारे १ मायक्रोमीटर व्यासाचा खांब कोरून त्यावर हिऱ्याच्या सपाट टोकाने दाब दिला, तर भेग पसरवण्याइतकी ऊर्जा त्यात साठतच नाही आणि अणूंचे थर एकमेकांवरून घसरून खांबाच्या अंगावर तिरक्या पायऱ्या उमटतात. खांब आखूड होतो, पण अखंड राहतो! हत्यारांवरील टायटॅनियम नायट्राइडचे कठीण लेप तपासतानाही हीच पद्धत उपयोगी पडते. बारावीच्या वर्गात या खांबाचे एखादे छायाचित्र तरी दाखवले जावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, मुलुंड, मुंबई