मेळघाटातून, आपल्या पोरीबद्दल

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. नमस्कार.

बाबा, जिच्या शिक्षणाचा खर्च तुम्ही करता त्या पोरीला भेटायला, गुडघ्यांनी साथ दिली असती तर तुम्हीच आला असता, हे मला ठाऊक आहे. म्हणून तुमच्या वाटचंही पाहून आले. परतवाड्याहून एसटी सेमाडोह, हरिसाल करत धारणीला पोचते. पुढे संस्थेच्या ताईंच्या गाडीवर मागे बसून गावापर्यंत.

मोहाचे दिवस आहेत. मायलेकी पहाटे अंधारातच टोपल्या घेऊन निघतात आणि ऊन चढायच्या आत फुलं वेचून परततात. अंगणभर मोह वाळत घातलेला, त्याचा गोडसर आंबूस वास थेट घरात. फुलं खालीवर करता करता तिनं मला विज्ञानाचा अख्खा पेपर सांगितला. कुठला प्रश्न कच्चा गेला, तेसुद्धा. आई, बोलताना तिचे हात एकदाही थांबले नाहीत गं! तिची आई कोरकूत बोलायची आणि ही मला मराठीत सांगायची. पहिलीत गेली तेव्हा हिलाही मराठी येत नव्हतं. त्याच मराठीत तिनं आता दहावीचे पेपर लिहिलेत. मला तर याचंच फार कौतुक वाटतं.

बाबा, "दहावीपर्यंत करू" असं आपलं ठरलं होतं. पण खरी अडचण आता सुरू होते. मोफत शिक्षणाचा कायदा 14 वर्षांपर्यंतचा. गावातली शाळा आठवीला संपली, तेव्हापासून ती धारणीत राहून शिकली ती तुमच्या पैशांवर. संस्थेचं वसतिगृह दहावीपर्यंतच आहे. तिला नर्स व्हायचंय. अडलेल्या बाईला इथून दवाखान्यात नेईपर्यंत काय होतं, हे तिनं पाहिलंय. आणि तिथं पोचल्यावर बाईचं कोरकू कुणाला कळत नाही, हेही. बीएस्सी नर्सिंगसाठी बारावीला बायॉलॉजी हवं, म्हणजे सायन्स आलं. आदिवासी विभागाच्या वसतिगृहात जागा मिळाली तर राहण्या-जेवणाचं भागेल. नाही मिळाली तर खोली, डबा, पुस्तकं, सगळं आपल्यालाच पाहावं लागेल. आणखी दोन वर्षं करूया ना, बाबा? अर्धे पैसे मी घालते.

2025 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झालेत आणि गावात रेंज नाही. एक तारीख चुकली की फेरी गेली. म्हणून निकाल लागला की फॉर्म मी इथून भरणार. ओटीपी तिच्या वडिलांच्या फोनवर येतो, तेव्हा त्या दिवशी ते धारणीत थांबतील, असं ठरवून आलेय. जातीचा दाखला तयार आहे. पडताळणीचा अर्जही अकरावीतच करून टाकू.

तिच्याकडे तुमचा नंबर आहे. येत्या रविवारी टेकडीवर जाऊन ती फोन करेल. ती लाजते, तेव्हा आई, बोलायला सुरुवात तूच कर. आणि बाबा, पुढच्या दोन वर्षांचं तिला तुम्हीच सांगा.

तुमची,
धाकटी