दोन पेले दूध घरात ठेवा

राजारामपुरी, कोल्हापूर

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र आलं म्हणून घाबरू नका. इकडं सगळं ठीक आहे. फोनवर बाबांना निम्मं ऐकू येत नाही, आणि जे निम्मं येतं त्यावर "बरं बरं, ठेवतो" म्हणून फोन बंद होतो. आई, तुला तर मी जेवले का एवढंच विचारायचं असतं. म्हणून सगळं एकदाच लिहून काढते. बाबांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचावं, आईनं तोवर हातातलं काम बाजूला ठेवावं.

विषय तुमच्या कपाटातल्या डब्यांचा आहे. गावात शिबिर भरवून गेलेल्या त्या मंडळींनी शेवग्याची पावडर, गव्हांकुराची पावडर, स्पिरुलिना नावाच्या शेवाळाच्या गोळ्या असं सगळं घरात पोचवलंय, आणि वर चियाच्या बियांचं पाकीट. बाबा, तुम्ही मला प्रत्येक डबा उचलून "हे सुपरफूड" असं अभिमानानं सांगितलंत. मी तेव्हा काही बोलले नाही, कारण पाव्हणे बसले होते.

आधी शेवगा घेऊ. डब्यावर शेवग्यात कॅल्शियम अमुक, लोह तमुक असं लिहिलंय ते खोटं नाही. पण ते आकडे 100 ग्रॅम वाळल्या पावडरीचे आहेत. पाला वाळवला की त्यातलं पाणी जातं, उरलेलं सगळं दाट होतं, म्हणून आकडे मोठे दिसतात. तुम्ही खाता एक चमचा, म्हणजे दोन-तीन ग्रॅम. ताज्या पाल्यात पाऊण हिस्सा पाणी असूनही 100 ग्रॅमला 300 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि मूगडाळ घालून केलेली पाल्याची भाजी माणूस वाटीभर सहज खातो. आपल्या परड्यात शेवगा उभा आहे. बाबा पावसाळ्याआधी त्याच्या फांद्या छाटतात आणि पाला म्हशीपुढं टाकतात. म्हणजे घरात सुपरफूड म्हैस खाते, आणि तिचं दूध तुम्ही संस्थेला घालता.

खरं बोलायचंय ते या दुधाबद्दलच. सकाळची धार संस्थेला, संध्याकाळची धार संस्थेला, आणि घरात चहापुरतं फुलपात्रभर. दहा दिवसांचं बिल, दिवाळीचा फरक, हे सगळं मला कळतं. त्याच पैशांवर आम्ही शिकलो. पण आता फी कुणाची भरायची आहे? आणि त्या बिलातले पैसे जातात कुठं, तर या डब्यांवर. म्हशीच्या दुधाच्या एका मोठ्या पेल्यात सात-आठ ग्रॅम प्रथिन असतं, कॅल्शियम असतं, आणि बाबांच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बी-12 असतं.

बाबा, इथं जरा नीट लक्ष द्या. तुमच्या गळ्यात माळ आहे, म्हणजे मटण, मासे, अंडी बंद. बी-12 हे जीवनसत्त्व निसर्गात प्राण्यांकडून आलेल्या अन्नातच भरवशाचं मिळतं, तेव्हा माळकऱ्याला उरतं ते फक्त दूध, दही, ताक. त्यातून तुम्ही साखरेसाठी मेटफॉर्मिन घेता, कितीतरी वर्षं झाली. ती गोळी चांगली आहे, ती सोडायची नाही, पण ती दीर्घकाळ घेतली की शरीरात बी-12 कमी शोषलं जातं. आणि तुमच्या पायाला मुंग्या येतात, तळवे बधिर वाटतात, हे आईनं मला हळूच सांगितलंय. साखरेनंही तसं होतं, बी-12 कमी पडल्यानंही होतं. दोन्ही असू शकतं. रक्त तपासल्याशिवाय कळायचं नाही.

तुम्हाला सांगितलं गेलं की स्पिरुलिनात बी-12 ठासून भरलंय. त्यात जे असतं ते बहुतांशी बी-12 सारखं दिसणारं, पण माणसाच्या शरीराला न वापरता येणारं रूप आहे. त्या भरवशावर तुम्ही थांबलात तर मुंग्या वाढत जातील. मला राग येतो तो इथं. शेवग्याच्या पावडरीनं पैसे गेले तर जाऊ देत, पण यानं तपासणी लांबते. स्पिरुलिनाच्या त्या गोळ्या बंद करा. रक्तात कमी निघालंच तर डॉक्टर गोळी किंवा इंजेक्शन देतील, तेव्हा नुसतं दूध पुरणार नाही. पण दूध तरीही सुरू करायचंच: दोन पेले रोज घरात, एक तुमचा, एक आईचा, आणि उरलं तर विरजण. दूध उकळूनच घ्या. इथं गंगावेशीत दूध कट्ट्यावर लोक डोळ्यांदेखत पिळलेलं धारोष्ण दूध उभ्या उभ्या पितात, बाबांनाही ते फार आवडतं. पण कच्च्या दुधातून रोग येऊ शकतात, या वयात ती हौस नको.

आता आई. तुला कुणी डबा विकला नाही, कारण तू स्वतःसाठी काही घेतच नाहीस. पण रात्री तू काय जेवतेस ते मी पाहिलंय. चहात दोन खारी. "भूक नाही गं." सकाळची भाकरी उरली तर तिचा चतकोर, त्यावर खरडा. वय वाढलं की भूक कमी होते हे खरं, पण शरीराला प्रथिन कमी लागत नाही. उलट दंड-मांड्यांचे स्नायू झिजू नयेत म्हणून म्हाताऱ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागं एक ग्रॅम किंवा थोडं जास्तच लागतं, असं या विषयातले जाणकार सांगतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हिशोब वेगळा, तुला तो नाही. तुझं वजन धरलं तर दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आसपास हवं. दोन भाकऱ्या, पातळ आमटी आणि चहा-खारीत ते भरत नाही. उठताना गुडघ्यावर हात टेकून "आई गं" म्हणतेस ना, त्यात सगळा दोष गुडघ्याचा नाही, मांडीत जोर राहिला नाही हेही आहे.

म्हणून तुला माझी आवडती सुपरफूडं सांगते. पहिला नंबर हुलग्याचा. 100 ग्रॅमला 22 ग्रॅमच्या आसपास प्रथिन, आणि बांधाकडेला हलक्या रानात, कमी पाण्यावर येतो. तूच आम्हाला पावसाळ्यात हुलग्याचं माडगं करून द्यायचीस, वरून लसणीची फोडणी आणि तूप. मी इथं आठवड्यातून एकदा तरी करते, पोरं भुरके मारतात. तू मात्र हल्ली हुलगा बैलांसाठी शिजवतेस, असं शेजारच्या काकू म्हणाल्या. बैलांना द्यावाच, पण आधी एक वाटी आपल्या ताटात. रात्री भाकरी चावायला नको वाटते तर माडग्यासारखं दुसरं काय आहे? चावायला नको, पोटाला ऊब, खारीपेक्षा दहापट बरं.

दुसरं अंडं. बाबांच्या माळेपासून तू ते बंद केलंस. माळ बाबांच्या गळ्यात आहे. मागच्या सोप्यात वेगळं पातेलं ठेव, रोज एक उकड आणि खा. (बाबा, हे वाक्य वाचताना तुम्ही थांबणार, मला माहीत आहे. पुढं वाचा.) एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिन, शिवाय तेच बी-12. कोंबड्या दारात आहेतच.

तिसरे शेंगदाणे, पण मूठभरच. त्यात चांगलं पंचवीस टक्के प्रथिन असलं तरी निम्म्याच्या आसपास तेल आहे. तुझं वजन उतरलंय, तुला चालतील. बाबांनी गप्पा मारत परडीभर फस्त करू नयेत.

उपासाचंही बोलून घेते. अंबाबाईचा शुक्रवार आणि जोतिबाचा रविवार सोड असं मी म्हणणार नाही, आणि म्हटलं तरी तू ऐकणार नाहीस. पण साबुदाणा म्हणजे निव्वळ पिठूळ. प्रथिन जवळजवळ शून्य. त्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी, दही. राजगिऱ्यात 13-14 टक्के प्रथिन आहे. 2013 हे संयुक्त राष्ट्रांनी किनोवाचं वर्ष म्हणून पाळलं, तेव्हापासून पुण्या-मुंबईत किनोवा खाणं मोठेपणाचं झालं. हा किनोवा म्हणजे अँडीज पर्वतातलं, बोलिव्हिया-पेरूकडचं धान्य. प्रथिन राजगिऱ्याइतकंच, आणि कुळही तेच. त्याहून गंमत म्हणजे आपला चाकवत त्याचा अगदी सख्खा, एकाच जातकुळीतला. गव्हात तण म्हणून तू उपटतेस तो चाकवत. ताकातली चाकवताची पातळ भाजी माझ्या यादीत कायम आहे. कपिलतीर्थ मंडईत थंडीत जुडी दिसली की मी घेतेच.

परदेशी म्हणजे सगळं फसवं, असंही मी म्हणत नाही. माझ्या घरी ओट्स येतात. त्यातल्या बीटा-ग्लुकान नावाच्या तंतूनं, रोज तीन ग्रॅम पोटात गेला तर, कोलेस्टेरॉल थोडं उतरतं हे चांगलं सिद्ध झालेलं आहे. मात्र त्यासाठी चांगला मोठा वाडगा लागतो. चियाही वाईट नाही, त्यात ओमेगा-3 आहे. पण जवसात ते चियाहून जास्त आहे आणि जवसाची चटणी आपल्या घरात आजीपासून होते. एवढंच की जवस भाजून कुटलेलाच हवा, अख्खा दाणा तसाच बाहेर पडतो. चटणी थोडी थोडी कर, कुटलेला जवस लवकर खवट होतो. चियाचं पाकीट फोडलंय तर दह्यातून संपवा, नवीन आणू नका.

नाचणीचं काय लिहू, तुम्ही ती पिकवता. 2023 हे भारताच्या आग्रहावरून आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं आणि इथल्या दुकानांत नाचणीची बिस्किटं आली. मागचे घटक वाचले तर आधी मैदा, मग साखर, नाचणी कुठंतरी खाली. आपल्या आजऱ्याच्या वरकस रानातल्या नाचणीत 100 ग्रॅमला 350 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. आईनं एक वेळची भाकरी नाचणीची करावी. बाबांनी मात्र आंबील सकाळी पेलाभर पिऊन "साखरेला चांगली" असं समजू नये. पातळ शिजवलेलं पीठ लवकर पचतं आणि साखर भरभर चढते. भाकरी, तिच्यासोबत भरपूर कोरड्यास आणि दही, असं खाल्लं तर सावकाश चढते. घनसाळ भाताचंही तसंच. भौगोलिक मानांकन मिळालंय, वास घरभर सुटतो, मला जीव की प्राण. पण साखर असलेल्या माणसानं दोन मुदी, तीन नाही.

आणि गूळ. "साखर सोडली, गुळाचा चहा घेतो." बाबा, कोल्हापुरी गूळ माझाही लाडका आहे, शाहूपुरीतून आणलेली ढेप फोडताना पहिला खडा मीच तोंडात टाकते. पण रक्ताला तो साखरेसारखाच. त्यात लोह आहे म्हणतात ते चहातल्या एका खड्यातून नगण्य. शिवाय जेवणानंतर लगेच चहा घेतलात तर जेवणातलं लोहही नीट शोषलं जात नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा टाळा असं सांगितलंय. जेवल्यावर चहाऐवजी आवळ्याची फोड चघळा.

मीठ राहिलं. बाबांची रक्तदाबाची गोळी वाढलीय आणि ताटात खरडा, लोणचं, पापड, तिन्ही रोज. दिवसाला सगळं मिळून चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत मीठ. तिन्हीतलं एक निवडा. मला वाटतं तुम्ही खरडा निवडाल, तर मग त्यात मीठ हलक्या हातानं.

गव्हांकुराच्या पावडरीबद्दल काही लिहीत नाही. संपवा नाहीतर टाकून द्या.

येत्या रविवारी मी येतेय. सोमवारी सकाळी बाबांना घेऊन आजऱ्यात जायचं, बी-12, ड जीवनसत्त्व आणि तीन महिन्यांची साखर तपासून घ्यायची. नेहमीच्या डॉक्टरांना मी फोन केलाय. कपाटातले डबेही सोबत घ्या, काय काय पोटात गेलंय ते त्यांना दाखवू. आईचंही रक्त तपासायचंय, हे तिला आधीच सांगून ठेवा, नाहीतर आयत्या वेळी तिला म्हशीची कामं निघतात.

येताना जवस आणि राजगिरा लक्ष्मीपुरीतून आणते. हुलगा घरचा किती शिल्लक आहे ते कळवा, कमी असेल तर तोही आणीन. आणि संस्थेतल्या माणसाला सांगून ठेवा की उद्यापासून आपलं माप थोडं कमी येईल.

बाकी सर्व क्षेम. लहानांना आशीर्वाद.

तुमची,
माई