आट्यांच्या बुडाशी

सोलापूर, रविवार

चि. श्रद्धास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, त्या रॉडची मुदत संपलीच नव्हती, मग चूक कुणाची?" मी "बघून सांगतो" म्हणालो आणि फोन आईकडे दिला. बघायचं काही नव्हतं. उत्तर माझ्या टेबलाच्या खणात पडलंय, तू शाळेत जायला लागायच्या आधीपासून. आईसमोर ते काढायचं जिवावर आलं, इतकंच. म्हणून हे पत्र.

तू पाठवलेला त्या टायगर मॉथ विमानाच्या अपघाताचा अहवाल मी छापून आणला आणि दोन रात्री वाचत बसलो. इंग्रजी अडलं तिथं फोटो वाचले. तुटलेल्या लोखंडाचा फोटो मला वाचता येतो.

आधी त्या विमानाबद्दल. टायगर मॉथ पहिल्यांदा उडालं २६ ऑक्टोबर १९३१ ला. एकावर एक दोन पंख, पंखांचा सांगाडा लाकडाचा, एकशे तीस हॉर्सपॉवरचं चार सिलिंडरचं इंजिन आणि अंगावर चक्क कापड! डोप, म्हणजे एक प्रकारचं लुकण, लावलं की ते कापड आवळून ढोलासारखं ताठ होतं, हे वाचून तुझ्या आजोबांची आठवण झाली. जन्मभर चादरी विणल्या माणसानं, पण कापड उडतं असं त्यांना कुणी सांगितलं असतं तर "चल, जेव आधी" म्हणाले असते. असो.

अपघात १६ डिसेंबर २०१३ चा, ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावर साउथ स्ट्रॅडब्रोक बेटाजवळ. वैमानिक आणि हौसेनं बसलेला एक प्रवासी, दोघंच. कसरती सुरू होऊन मिनिटभर झालं असेल, डावीकडचे पंख निखळले आणि विमान किनाऱ्यापासून तीनशे मीटरवर समुद्रात कोसळलं. दोघंही गेले. एखाद्यानं हौसेनं तिकीट काढावं, घरच्यांनी खालून फोटो काढायला उभं राहावं, एवढाच तो प्रकार असतो गं. तिथं खरंच कोण उभं होतं मला माहीत नाही, पण मी ते पान उलटवलं नाही बराच वेळ.

सगळ्यांना वाटणार, म्हातारं विमान, कुजलं असेल. माझंही तेच झालं होतं. पण तुटलं काय? खालचे पंख धडाला धरून ठेवणारे आडवे टाय रॉड. दोन असतात, दोन्ही तुटले, आणि तुटले ते आटे, म्हणजे नट फिरतो त्या खाचा, पाडलेल्या भागात. ते रॉड विमानाबरोबर आलेले नव्हतेच. नंतर ऑस्ट्रेलियातच रीतसर मंजुरी घेऊन बनवलेले बदली पार्ट होते ते. कागदावर त्यांचं आयुष्य २००० तास किंवा १८ वर्षं. त्याच्या खूप आधीच ते गेले. म्हणजे जुन्या विमानात नवा पार्ट दगा देऊन गेला. तू जिथं अडकलीस ती जागा हीच.

आता माझा खण.

तू तेव्हा झाली नव्हतीस. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत मी भाड्याच्या शेडमध्ये एक लेथ टाकला होता. यंत्रमागवाल्यांची किरकोळ कामं यायची. शाफ्टला बुश बसव, स्टड, म्हणजे आटे पाडलेला दांडा, काढून दे. एका कारखान्यातून पिकिंगच्या, म्हणजे धोटा फेकतात त्या, बाजूचे बारा स्टड काढायची ऑर्डर आली, सोमवारपर्यंत. शनिवारी रात्री टूल नवीन घासून घेतलं, एकदम टोकदार, आणि आटे पाडले. काय चकाकत होते! आट्यांच्या बुडाला आणि आटे संपतात तिथं जरा गोलाई ठेवायची असते, हे मला माहीत होतं. उस्तादानं कान धरून शिकवलं होतं. पण गोलाई द्यायची तर टूल बदलायला लागलं असतं. नट तर छान फिरत होता. मी बारा स्टड कागदात गुंडाळले आणि पैसे घेतले.

सात महिने ते चालले. मग एक तुटला, धोटा बाहेर उडाला आणि शेजारच्या मागावरच्या माणसाच्या गालफडावर बसला. सात टाके. डोळा बोटभर अंतरानं वाचला. मालकानं मला काही म्हटलं नाही, त्याला वाटलं माल खराब होता. जॉबरनं, म्हणजे मागांवरच्या मुकादमानं, मात्र तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि काहीच न बोलता निघून गेला.

त्या तुकड्याचं तोंड बघ म्हणजे तुला तुझं पुस्तक कळेल. एका कडेपासून काळपट, गुळगुळीत भाग सुरू होतो आणि त्यावर झाडाच्या बुंध्यातल्यासारख्या बारीक कमानी, एकापुढे एक. दर कमान म्हणजे तडा तिथवर सरकून थांबलेला. अर्ध्याहून जास्त तोंड असलं आहे. उरलेला चिमूटभर भाग खडबडीत, साखरेसारखा. शेवटी तेवढ्याच लोखंडावर सगळा भार होता. म्हणजे ज्या दिवशी तो तुटला, त्या दिवशी मागावर काही जास्त ताण आला नव्हता. रोजचाच ठोका होता. तो कधीपासून तुटत होता आणि वरून नट घट्ट बसलेला. मी स्वतः मधे एकदा तिथं गेलो होतो, पाना लावून बघितलं, "एकदम टाइट" म्हणून आलो. नट घट्ट असला की आपल्याला वाटतं आत सगळं ठीक आहे. तडा आट्यांच्या बुडाशी, नटाच्या आत. पान्याला तो कसा दिसणार?

त्या ऑस्ट्रेलियातल्या रॉडचेही तडे जुने होते, मुरलेले. ते कसरतीत तुटले म्हणून कसरतीला दोष द्यावा असं लोकांना वाटतं. कसरतीनं शेवटचा ठोका दिला फक्त.

आता तुझ्या प्रश्नाचं. चूक कुणाची? मी टर्नर आहे, न्यायाधीश नाही. पण दोन हजार तास हा आकडा ज्या रॉडसाठी ठरला, त्या रॉडसारखा हा रॉड आहे का, हे कुणीतरी आधी विचारायला हवं होतं. अहवालात मला वाटतं जड शब्दांत हेच आहे: पार्ट मंजूर करताना तो आजवर कसा चालला आणि कधी बदलायचा असतो, याचा विचार झाला नव्हता, आणि अशा मंजुरीचे पार्ट एक हजारावर होते. माप जुळलं म्हणून मंजूर. माझ्या बारा स्टडचं मापही जुळत होतं, लेकी. व्हर्नियर लाव, आजही जुळेल. आटे कापून पाडले की रोल करून, म्हणजे दाबून उठवून, बुडाला गोलाई आहे की टोक, यातलं व्हर्नियर काही सांगत नाही. रोल केलेले आटे थकव्याला, म्हणजे पुन्हा पुन्हा बसणाऱ्या ताणाला, जास्त टिकतात, हे तुला शिकवलंच असेल.

आणि हे काही आजचं नाही. जेआरडी टाटा १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन जुहूला आले ते पस मॉथमधून. टायगर मॉथवाल्याच कंपनीचं, डी हॅविलँडचं विमान. त्याच काळात कितीतरी पस मॉथचे पंख हवेतच तुटले होते. आपण त्या दिवसाचे सोहळे करतो, करावेतच, पण मला आता तो फोटो बघितला की नजर पंखाच्या टेकूकडे जाते. धंद्याची खोड.

आई विचारते, "पोरीला कशाला असलं लिहिता, घाबरेल ना." मी म्हटलं, घाबरू दे थोडी. उद्या एखाद्या विमानाखाली वाकून तू सही करशील आणि रजिस्टरात "शिल्लक तास ११४०" असं काहीतरी दिसेल. तेव्हा चार वाजले असतील, साहेब घाई करत असेल, आणि तो नट उघडून रॉड बाहेर काढायचा म्हणजे अर्धा दिवस जाणार असेल. मलाही सोमवार गाठायचा होता.

गुरुवारी शेजारचा पोरगा सिद्धेश्वरनं मुंबईला येतोय. त्याच्याकडे शेंगाचटणी, कडक भाकरी आणि एक काडेपेटी देतोय. काडेपेटीत तो तुकडा आहे. तेल लावून ठेवलाय, तोंडावर बोट फिरवू नकोस, गंज धरेल. तुमच्या लॅबमध्ये भिंग असेल त्याखाली बघ आणि कमानी किती भरतात ते मला कळव. मी एकतीस मोजल्यात, पण आता चष्म्याचा नंबर वाढलाय.

तुझे
बाबा