तात्या, आई आता रात्रीची झोपते

आदरणीय तात्या,

गेल्या रविवारी गावी मुक्कामाला होते. रात्री दोनला सवयीनं जाग आली आणि आधी आईच्या अंथरुणाकडे पाहिलं. आई गाढ झोपली होती. तिला तशी झोपलेली पाहून मला रडू आलं. तोंडावर आभार मानले असते तर तुम्ही 'चहा घे' म्हणून विषय बदलला असता, म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे.

हडपसरला माझ्या घराजवळून मुठेचा कालवा वाहतो. दिवे घाट चढून वर गेलं की पुरंदरचा कोरडा माळ, आणि तिथं आमची आई. शेतीपंपाला वीज तेव्हा रात्रीची, म्हणून दारं धरणंही, म्हणजे पिकाला पाणी देणंही, रात्रीचं. वडील गेल्यावर, भाऊ भोसरीत कामाला असताना, ती एकटी बॅटरी घेऊन वाफ्यावर उभी राहायची. बांधावरून पडून तिचं मनगट मोडलं, तेव्हा पहाटे मला फोन आला होता. तो फोन मी अजून विसरलेले नाही.

त्याच सुमारास 'ताई, ठिबकचं अनुदान आणून देतो' म्हणत एक जण दारात आला. कागद आणि आगाऊ रक्कम घेतली, फिल्टरशिवाय पातळ नळ्या अंथरल्या. एका हंगामात ड्रिपर गाळानं बुजले. नंतर त्याचा फोन लागेना आणि ऑफिसात 'साहेब मीटिंगला गेलेत'. मी चार रजा घालवल्या. आईनं त्या नळ्या गुंडाळून गोठ्यात टाकल्या आणि कुणाला काही बोलली नाही. त्या माणसाला मी माफ केलेलं नाही.

मग तुम्ही पाण्यासाठी गट जमवलात. 1972च्या दुष्काळात तुम्ही पोरवयात खडी फोडलेली. त्यानंतर पुरंदरातल्याच नायगावला उद्योजक विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत, म्हणजे शेतकऱ्यांनी पाणी समान वाटून घ्यायची चळवळ, उभी केली, ते तुम्ही जवळून पाहिलेलं. तिथला नियमच तुम्ही आमच्या बैठकीत मांडलात : पाणी जमिनीच्या मापानं नाही, घरातल्या माणसांच्या मापानं. माणशी अर्ध्या एकरापुरतं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा आणि ऊस नाही. काही जण उठून गेले. तुम्ही आवाज चढवला नाहीत, थांबलात. त्यातले दोघे पुढच्या बैठकीला परत आले.

माळावरचं तळं रात्रीच्या विजेवर भरायचं आणि दिवसा उतारानं पाणी सोडायचं, असं ठरलं. पाळ्यांसाठी चिठ्ठ्या टाकल्या तर आईला शेवटची पाळी आली, संपेपर्यंत अंधार पडणारी. ती 'चालंल' म्हणाली. तुम्ही वही पुढे ओढलीत, सकाळी सहाच्या रकान्यातलं स्वतःचं नाव खोडलंत आणि तिथं आईचं नाव लिहिलंत. वडिलांच्या नावापुढं 'ची बायको' असं नाही. तिचं स्वतःचं नाव, आडनावासकट. शेवटची पाळी तुम्ही घेतलीत आणि एक शब्दही बोलला नाहीत. आई ती वही अजून मला दाखवते. तिच्या नावाचा सातबारा कधी झाला नाही, पण पाण्याच्या वहीत तिचं नाव आहे.

बाकीचं पाण्यामागून आलं. बाजरीनंतर रान पडून राहायचं, तिथं आता वाटाणा होतो. चारा झाला म्हणून गाय आली. भाऊ आणि वहिनी परतले, पोरगं गावच्या शाळेत जातं. खरं सांगायचं तर वहिनीचं काम वाढलंय. तोडणीच्या दिवसांत तिला बसायला उसंत नसते, आणि तो हिशोब वहीत कुणी लिहीत नाही. तो तरी कुणीतरी लिहायला हवा, तात्या. पण वाटाण्याचे पैसे तिच्या खात्यावर येतात, हे तुम्हीच बैठकीत सुचवलं होतंत.

पाण्यावरून सख्खे भाऊ कोर्टात गेलेले मी पाहिलेत, बांधावर कुऱ्हाडी निघालेल्या ऐकल्यात. आपली चांगली पाळी गुपचूप दुसऱ्याला देणारा माणूस मी एकच पाहिला. अशी माणसं गावोगाव असतील, सत्काराच्या फ्लेक्सवर दिसत नाहीत एवढंच.

अंजिराला यंदा पहिल्यांदा मीठा बहार धरलाय. पहिली पाटी मार्केट यार्डात जायच्या आधी तुमच्या ओट्यावर येईल, आई स्वतः घेऊन येणार आहे. पैसे विचारू नका, ती रागावेल.

तुमची,
हडपसरची लेक