घोड्याचा विमा निघतो, वरच्या लेकराचा नाही

मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय, सविनय नमस्कार.

मी लोहा तालुक्यात शाळकरी मुला-मुलींना घोडेस्वारी शिकवतो. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा बाजार आमच्याच तालुक्यात भरतो, त्यामुळे इथल्या लेकरांना घोड्याचं वेड वेगळं लावावं लागत नाही. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या ड्रेसाज (घोड्याकडून ठरावीक चाली करून दाखवण्याचा प्रकार) संघानं सुवर्णपदक जिंकलं, 1982 नंतर घोडेस्वारीतलं पहिलंच. तेव्हापासून मुलीही शिकायला येऊ लागल्या. पण प्रत्येक आई-बाप पहिल्या दिवशी एकच विचारतात, "पडलं तर?" याचं उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून हे पत्र.

माझ्याकडची आठवीतली एक मुलगी दुडक्या चालीवर होती. शेजारच्या कडब्याच्या गंजीवरची ताडपत्री वाऱ्यानं फडफडली, घोडी बुजून आडवी वळली आणि पोर हात टेकून खाली आली. हेल्मेट होतं, डोकं वाचलं. टाचेचे बूट होते, म्हणून पाय रिकिबीत अडकून ती फरफटली नाही. मनगटाच्या वरचं हाड मात्र मोडलं. नांदेडला ऑपरेशन करून प्लेट बसवावी लागली. थोरल्या भावानं नोकरी लागल्यावर सगळ्या घराची आरोग्य पॉलिसी काढली होती, पण दाव्याचे कागद 'घोडा' शब्द वाचूनच परत आले. शेवटी वडिलांनी सोयाबीनच्या भरवशावर आडत्याकडून उचल घेतली.

आरोग्य विम्यात साहसी खेळांचं एक ठरावीक अपवाद-कलम असतं, म्हणजे त्या खेळांतल्या दुखापतीचा खर्च मिळत नाही. त्या यादीत घोड्यांची शर्यत आहे, पण अट अशी की भाग घेणारा व्यावसायिक असावा. आठवीतली पोर व्यावसायिक जॉकी कशी ठरते? कलमाचा असा अर्थ लावणं हा सरळ अन्याय आहे.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचं संरक्षण मिळतं, पण वय 18 ते 70. राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना पहिली ते बारावीच्या मुलांना आहे आणि तिचा आधार मोठा आहे. मात्र ती मदत प्रस्ताव मंजूर झाल्यावर मिळते, ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्यात पैसे घरच्यांनाच भरावे लागतात. शिकवणाऱ्यावर येणारी भरपाईची जबाबदारी तर तिच्यात बसतच नाही.

दुसरीकडे, राष्ट्रीय पशुधन अभियानात घोड्याचा विमा निघतो. 2024 पासून मालकाला हप्त्याचा फक्त 15 टक्के वाटा भरावा लागतो, आणि अश्वपालनाच्या उद्योगाला 50 टक्के, कमाल 50 लाखांपर्यंत अनुदान आहे. याचा मला आनंदच आहे, कारण घोडा जगला तर आमची पागा जगते. पण खोगिरावर बसलेल्या लेकराचाही विचार त्याच काळजीनं व्हायला हवा.

सगळा बोजा शासनानं उचलावा, असं माझं म्हणणं नाही. हप्ता पालक भरतील. अडचण अशी की दहा-बारा मुलांच्या गटाला कंपन्या दारातही उभं करत नाहीत. आपल्या विभागानं वित्त विभागाच्या विमा संचालनालयाला सोबत घेऊन राज्यभरच्या शिकाऊ स्वारांचा एकच गट करून त्याची एक पॉलिसी काढावी. त्या पॉलिसीत दवाखान्याचा खर्च कॅशलेस असावा आणि प्रशिक्षकाची कायदेशीर जबाबदारीही धरावी. शिकवणी म्हणजे शर्यत नव्हे, हे विमा नियामकाकडून लेखी स्पष्ट करून घ्यावं.

बदल्यात आमच्यावर अटी घाला. जिल्हा क्रीडा कार्यालयात नोंदणी, हेल्मेट आणि टाचेचे बूट सक्तीचे, नवख्या मुलाचा लगाम मोतद्दाराच्या, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्याच्या हातात. घोड्याची तपासणी परभणी आणि उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांकडून करून घेता येईल. काही जणांना हा जाच वाटेल. ज्यांना वाटेल त्यांनी दुसऱ्याचं लेकरू घोड्यावर बसवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

उन्हाळी शिबिरं एप्रिलमध्ये सुरू होतात. त्याआधी मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांच्या प्रशिक्षकांची बैठक आपण छत्रपती संभाजीनगरला बोलवावी. त्या मुलीच्या दाव्याचे सगळे कागद, तिच्या वडिलांच्या परवानगीनं, मी घेऊन येईन.

आपला नम्र,
एक घोडेस्वारी प्रशिक्षक
ता. लोहा, जि. नांदेड