टारफुल्याला जाग आणणारे संजीवक

महोदय,

कोल्हापूर जिल्ह्यात संजीवकांचा, म्हणजे वनस्पतींची वाढ नियंत्रित करणाऱ्या द्रव्यांचा, विषय निघाला की उसावर फवारायच्या जिबरेलिक आम्लापलीकडे चर्चा सहसा जात नाही. पीक स्वतःच मुळांवाटे जमिनीत सोडते त्या स्ट्रिगोलॅक्टोन गटातील संजीवकांविषयी मात्र क्वचितच बोलले जाते. जमिनीत स्फुरद (फॉस्फरस) कमी पडला की पीक ही द्रव्ये अधिक स्रवते, त्यांच्या संकेताने मायकोरायझा बुरशीच्या तंतूंना फांद्या फुटतात आणि ती मुळांशी जोडली जाऊन पिकाला स्फुरद मिळवून देते, हे २००५ मध्ये स्पष्ट झाले. हीच द्रव्ये झाडाचे फुटवेही आवरतात, हे २००८ मध्ये कळले.

दुर्दैवाने हा संकेत टारफुला या पिकांच्या मुळांवर जगणाऱ्या परोपजीवी तणाचे बीही ओळखते, रुजते आणि ज्वारी वा उसाच्या मुळांना चिकटते. रोप जमिनीवर दिसेपर्यंत बरेचसे नुकसान होऊन गेलेले असते, शिवाय धुळीएवढे बारीक बी जमिनीत वर्षानुवर्षे तग धरते. गंमत अशी की, या गटातील पहिले द्रव्य १९६६ मध्ये मिळाले ते कापसाच्या मुळांच्या स्रावातून, आणि कापसावर तर टारफुला जगूच शकत नाही! म्हणजे फेरपालटात असे पीक घेतल्यास बी रुजते, पण यजमान न मिळाल्याने मरते. कृषी विभागाने टारफुलाग्रस्त गावांत केवळ तणनाशकांची शिफारस न करता अशा फेरपालटाची, माती परीक्षणाची आणि फुलोऱ्याआधी तण उपटण्याची प्रात्यक्षिके घ्यावीत.

– एक वाचक, कोल्हापूर